घास कुणी घ्यायचा?

दसऱ्याच्या सुमारास दादांना, माझ्या थोरल्या भावाला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, तर वहिनी त्यांना वरणभात भरवत होत्या. बोटे हलू लागली होती, गिळायला त्रास नव्हता; पण त्या हाताला काम म्हणून उरलेच नव्हते. आंघोळ घालायला मुलगा, बटणे लावायला सून, पाण्याचा पेला धरायला नात!

‘‘वहिनी, चमचा त्यांच्या हातात द्या ना.’’

‘‘अहो भावजी, सांडतं सगळं. आणि किती वेळ लागतो!’’

व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज पाऊण तास येत. उरलेले सव्वातेवीस तास घरच्या मायेचे. रागावू नका, पण ही माया त्या पाऊण तासावर पाणी फिरवते, असे माझे मत झाले आहे. (कबुतराचे रक्त चोळा म्हणणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.)

हात थोडा हलत असूनही तो न वापरण्याची सवय जडते, हे एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांवरील प्रयोगांतून ओळखले. त्यातून उपचार निघाला : धडधाकट हाताला जाड मोजा घालून अडवायचा आणि दुबळ्याकडून कामे करून घ्यायची. २००६ साली २२२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले, मनगट-बोटे थोडी उचलता येणारे हे रुग्ण. दोन आठवड्यांच्या या कष्टांचा फायदा वर्षानंतरही टिकला होता. मात्र घाई नको. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला फार उठवले-चालवले तर उलट तोटा होऊ शकतो, हे २०१५च्या मोठ्या चाचणीत दिसले. वेळ डॉक्टरांनी ठरवावी.

वहिनींना सांगणारा मी तरी कोण? बँकेत असताना एक पेन्शनर लकव्यानंतर प्रथमच काउंटरवर आले. वाकडीतिकडी सही नमुन्याशी जुळेना. मागे रांग. मी शाईचा पॅड सरकवला आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला. नियमात बसत होते.

‘‘तीन महिने गिरवतोय हो,’’ एवढेच ते म्हणाले. पुढच्या महिन्यापासून सहीचा प्रयत्नही न करता त्यांनी अंगठाच पुढे केला.

गेल्या रविवारी दादांनी उजव्या हाताने शिरा खाल्ला. पाऊण वाटीला पंचवीस मिनिटे लागली, निम्मा लुंगीवर सांडला. वहिनी समोर बसून होत्या, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून.