घसारा कोणाच्या खाती?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. आमचे डोईफोडिया बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनार तहसिलीत येते. बाजारात हिंदी, घरात मराठी, आणि डोंगराकडची कोरकू मंडळी आली की तिसरी भाषा कानावर पडते. माझी शाळा रावेरला मावशीकडे राहून मराठी माध्यमातून झाली आणि कॉलेजसाठी मामांनी मला इकडे आणले, ही हकिगत माझ्या वर्गमित्रांना पाठ झाली आहे. असो.

घरात पाऊल टाकले तोच वादात सापडलो. धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. कबड्डीत त्याचा चढाईचा पाय चांगला आहे असे गावातले जाणते म्हणतात. अकरावीला न जाता कोठेतरी खेळाच्या शिबिरात राहावे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. बाबा रागावले नाहीत. मला म्हणाले, "तू कॉमर्स शिकतोस ना? मग याचा जमाखर्च मांडून दाखव. जमेला काय, नावे काय?"

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. उदाहरण मुद्दाम आपल्या कॉलेजच्या बाजूचेच घेतले. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई आपल्या मराठी व कन्नड दोन्ही विभागांच्या वाचकांना ठाऊक आहेच. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा २०१८ साली प्रो कबड्डीच्या लिलावात यू मुंबा संघाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेवर गुण मिळवले आणि लोक त्याला 'बाहुबली' म्हणू लागले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. भावाच्या डोळ्यांपुढे आहे तो एवढाच आकडा.

पण खातेवही पुढे उलटावी लागते. २०२१-२२ च्या हंगामात हा गडी जायबंदी होऊन बाहेर बसला. २०२२ च्या लिलावात त्याच संघाने त्याला घेतले ते २० लाखांना. पुढे २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा एक कोटी दिले. माणूस तोच, गावही तेच. पाच वर्षांत भाव चढला, कोसळला आणि परत चढला. कापसाचा भाव असा हलला तर आमच्याकडे बैठका भरतात.

इथे मला आमच्या सरांचा घसाऱ्याचा तास आठवला. बऱ्हाणपुरात यंत्रमाग पुष्कळ. मालक यंत्र आणतो ते झिजणार हे गृहीत धरूनच. आयकराचा कायदाही साधारण यंत्रसामग्रीवर दरसाल १५ टक्के घसारा धरू देतो. मग गुडघा झिजतो त्याचे काय? खेळाडूचे शरीर हीच त्याची यंत्रसामग्री, पण तिचा घसारा संघाच्या पुस्तकात दिसत नाही. तो पडतो आईबापांच्या खाती.

कोणी म्हणेल, धंदेवाईक खेळ म्हटला की हे आलेच. मला ते पटत नाही. टोनी पार्कर या फ्रेंच बास्केटबॉलपटूचे उदाहरण पाहा. जन्म बेल्जियममधील ब्रूज गावी, १९८२ साली, वाढला फ्रान्समध्ये. वडील स्वतः धंदेवाईक खेळाडू होते. पॅरिसला इन्सेप नावाची सरकारी क्रीडासंस्था आहे, तेथे खेळ आणि शिक्षण एकाच आवारात चालते. हा मुलगा तेथे तयार झाला. दोन वर्षे पॅरिसच्या संघातून खेळला आणि २००१ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो स्पर्स संघाने त्याला निवडला, तोही अठ्ठाविसाव्या क्रमांकावर, म्हणजे फार अपेक्षा ठेवून नव्हे. त्या संघाबरोबर त्याने २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी चार अजिंक्यपदे मिळवली, आणि २०१३ साली फ्रान्सला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले.

पण माझे लक्ष गेले ते २०१७ च्या मे महिन्यावर. ऐन स्पर्धेत त्याच्या मांडीचा स्नायुबंध तुटला. वय पस्तिशीला टेकलेले. आपल्याकडे असता तर चहाच्या टपरीवर 'संपला बिचारा' म्हणून लोक मोकळे झाले असते. त्याचा करार मात्र २०१४ सालीच वाढवून २०१८ पर्यंत पक्का केलेला होता. तो बरा झाला, सहा महिन्यांनी पुन्हा मैदानात उतरला आणि २०१९ साली स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाला. त्याआधीच फ्रान्समधील अ‍ॅसव्हेल या संघात पैसे गुंतवून तो त्याचा प्रमुख मालक झाला होता.

हे काही तिकडच्या मालकांच्या दयाबुद्धीने झालेले नाही. तिकडे खेळाडूंची संघटना १९५४ सालीच उभी राहिली. १९६४ मध्ये बॉस्टनला मोठा सामना होता. प्रेक्षक येऊन बसले होते, आणि निवृत्तिवेतनाचे वचन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही असे खेळाडूंनी सांगितले. वचन मिळाले, मगच चेंडू उडाला.

आपल्याकडे असे प्रसंग वेगळ्या रूपात आले. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी आपले घर गहाण टाकले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. ही गोष्ट ऐकताना आपला ऊर भरून येतो. मला मात्र एका प्राध्यापकाचे घर गहाण पडावे लागले याची लाजही वाटते. प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. कबड्डीला पैसा आला हे चांगलेच झाले. खेळून पोट भरणे हलके आहे असे मानणाऱ्यांतला मी नाही. पण प्रत्येक करारात दुखापतीच्या काळाचा पगार आणि उपचाराचा खर्च लिहिलेला असावा, आणि तो करार खेळाडूला स्वतःला वाचता यावा. आपण जिमखान्याची फी सगळेच भरतो. त्या पैशातून कॉलेजच्या संघाचा विमा उतरवता येईल का, हे जिमखाना समितीने पुढच्या बैठकीत पाहावे. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एकाचे मनगट सामन्यात मोडले, तेव्हा प्लास्टरचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले होते.

भावाला मी अकरावीत नाव घालायला सांगितले आहे, आणि संध्याकाळचा सराव बंद करू नकोस हेही सांगितले आहे. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. बाबांनी ती वही कपाटात ठेवली. नावेची बाजू त्यांनी दोनदा वाचली. मी निघालो तेव्हा भाऊ एस्टीपर्यंत पिशवी घेऊन आला आणि विचारले, "भाऊ, त्या फ्रान्सवाल्या शाळेत कबड्डी असते का रे?"