ऋतुचक्राची शाळा

इंग्लंड-अमेरिकेत काही कुटुंबे आपल्या मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात, ही वार्ता आता कोणाला नवी वाटणार नाही. परंतु या गृहशिक्षणाची एक लहानशी शाखा शिक्षणाविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा अशी आहे. ख्रिस्तपूर्व युरोपातील निसर्गपूजा पुन्हा जागवू पाहणारे आणि स्वतःला 'पेगन' म्हणवणारे काही पालक वर्षातील आठ ऋतुसणांभोवती मुलांचा सगळा अभ्यासक्रम गुंफतात. दोन अयने, दोन संपात आणि त्यांच्या अधल्यामधल्या चार तिथी, असे हे चक्र आहे. डिसेंबरातील 'यूल' आला की खगोल, मेमधील 'बेल्टेन' आला की वनस्पतिशास्त्र, ऑगस्टमधील 'लॅमस' आला की गहू, पाव आणि शेतीचा इतिहास, असा तो क्रम. मूल सात वर्षांचे असेल तर याचे कौतुक करून थांबता येईल. ते पंधरा वर्षांचे असेल तर मात्र काही प्रश्न विचारावेच लागतात.

प्रथम या कल्पनेची बलस्थाने मान्य केली पाहिजेत. विषयांच्या भिंती पाडून जीवनातील एखाद्या केंद्राभोवती ज्ञान उभारावे, हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. 1937 साली वर्धा येथे महात्मा गांधींनी नयी तालीम मांडली तेव्हा समवाय हाच तिचा पाया होता. रवींद्रनाथांनीही शांतिनिकेतनात वर्षामंगल, वृक्षारोपण, हलकर्षण असे ऋतूत्सव शिक्षणाच्या अंगणात आणले. तेव्हा लंडनजवळच्या एखाद्या घरात आई मुलीला अयनदिनाच्या निमित्ताने आकाशाकडे पाहावयास शिकवीत असेल, तर तिला वेडगळ ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

शिवाय, विषय नीट हाताळला तर त्यातून अव्वल दर्जाचे गणित निघते. लंडनला वर्षातील सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांहून थोडासाच मोठा असतो, तर सर्वांत मोठा साडेसोळा तासांच्या पलीकडे जातो. पुण्यात हाच पल्ला अकरा आणि सव्वातेरा तासांच्या आत राहतो. हे असे का? स्थळाचे अक्षांश आणि सूर्याची क्रांती यांच्या स्पर्शगुणोत्तरांचा गुणाकार केला की दिनमानाचे गणित सुटते, आणि ते सोडवण्याइतकी त्रिकोणमिती दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याला समजू शकते. उत्तर युरोपात सूर्याच्या परतण्याचा एवढा सोहळा का झाला आणि आपल्याकडे पावसाच्या येण्याचा का झाला, याचे अर्धे उत्तर त्या एका सूत्रात सापडते. असा धडा आमच्या किती वर्गांतून शिकवला जातो, हे शिक्षकांनीच स्वतःला विचारावे.

मात्र येथेच समवायाची मर्यादाही दिसते. दिनमान अयनाला आपसूक जोडले जाते. वर्गसमीकरणे, रासायनिक बंध किंवा विद्युत्प्रवाह कोणत्या सणाला जोडावयाचे? बळेच जोडले तर संबंध कृत्रिम होतो, आणि सोडून दिले तर मूल अर्धवट राहते. गणिताला स्वतःची पायऱ्यापायऱ्यांची शिस्त असते. ती पंचांग पाहून चालत नाही. समवायाचा हा अडथळा आपल्याकडील बुनियादी शाळांतल्या शिक्षकांनीही अनुभवलेला आहे. ऋतुचक्र हा अभ्यासाचा एक आधार होऊ शकतो. साऱ्या अभ्यासाचा साचा ते होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. तो सत्याचा आहे. हे आठ सणांचे चक्र अतिप्राचीन आहे, अशी अनेकांची श्रद्धा असते. इतिहास वेगळे सांगतो. चार सण आयर्लंडच्या जुन्या गेलिक परंपरेत आढळतात हे खरे. परंतु आठांचे एकत्रित चक्र 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये, जेरल्ड गार्डनर व रॉस निकल्स यांच्या वर्तुळांत, आकाराला आले. 'लिथा', 'मेबन' ही सणांची नावे तर 1970 च्या दशकात अमेरिकेत रूढ करण्यात आली. 'लॅमस' हे नाव मुळात ख्रिस्ती आहे. नव्या गव्हाच्या पावाच्या उपासनेवरून ते पडले. स्टोनहेंजचे महाकाय दगड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे राहिले. त्यांचा संबंध ड्रुइड पुरोहितांशी जोडला तो सतराव्या-अठराव्या शतकांतील हौशी संशोधकांनी. रॉनल्ड हटन या इतिहासकाराने हे सारे साक्षेपाने मांडले आहे. लहान मुलाला गोष्ट सांगावी. पंधरा वर्षांच्या मुलीला पुरावा दाखवावा. जो पालक हा पुरावाही अभ्यासक्रमात ठेवतो तो शिक्षक, आणि जो लपवतो तो केवळ प्रचारक.

हे सांगताना आपणही आरशासमोर उभे राहिले पाहिजे. मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होते, असे आपल्याकडे आजही घरोघर सांगितले जाते. वास्तविक सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21 किंवा 22 डिसेंबरला. संक्रांत येते 14 जानेवारीच्या सुमारास. संपातचलनामुळे सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने ही तफावत वाढत गेली, आणि दोन्ही तिथी एकत्र होत्या त्याला सतराशेच्या आसपास वर्षे लोटली. याच संपातचलनाच्या आधारे लोकमान्यांनी 1893 साली 'ओरायन' लिहिला. मेघनाद साहा समितीने पंचांगसुधारणेचा अहवाल दिला आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तीत पहिला चैत्र वसंतसंपाताला धरून येतो. पण ती सरकारी कागदांवरच्या दिनांकापुरती उरली. तिळगूळ देताघेताना ही हकीकत सांगितली तर सणाची गोडी कमी होईल, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या मुलाच्या हक्काचा आहे. इंग्लंडच्या कायद्याने शिक्षणाचे कर्तव्य पालकांवर टाकले आहे. ते शाळेतून पार पाडावे वा अन्य मार्गाने, ही मुभा 1944 च्या कायद्यात होती आणि 1996 च्या कायद्यातही राहिली. अमेरिकेत 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याची मोकळीक दिली. त्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदवले. त्यांचा मुद्दा साधा होता: आईबापांचे ऐकले, पण ज्या मुलांचे आयुष्य पणाला लागले आहे त्यांना कोणी विचारले काय? अर्धशतक उलटले तरी या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही.

आपल्याकडे 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. त्यापुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देता येते, आणि शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांना हाच रस्ता उरतो. हा दरवाजा उघडा आहे हे चांगलेच. परंतु घरी शिकवणाऱ्या पालकाने तो आपल्या मुलासाठी उघडा ठेवला पाहिजे. उद्या त्या मुलीला वैद्य, अभियंता किंवा कारकून व्हावेसे वाटले, तर प्रयोगशाळेचा अनुभव आणि परीक्षेची तयारी तिच्या पदरी असावी. तिला घरची श्रद्धा नको वाटली, तर ते म्हणण्याचे धैर्यही त्याच शिक्षणाने दिलेले असावे.

म्हणून निकष सरळ आहे, आणि तो पेगन घराला, ख्रिस्ती घराला व आमच्या शाळांनाही सारखाच लागू व्हावा. मुलाला सण साजरा करावयास शिकवले काय, एवढेच पाहून भागणार नाही. त्या सणाविषयी प्रश्न विचारण्याची मोकळीक त्याला दिली काय, हेही पाहावे लागेल. ऑस्ट्रेलियात हेच आठ सण सहा महिने उलटे फिरवून पाळले जातात, कारण तेथे डिसेंबरात उन्हाळा असतो. एखादी मुलगी आईला 'असे का?' म्हणून विचारील आणि आई पृथ्वीचा गोल पुढे ओढून उत्तर शोधू लागेल, तर त्या घरात शाळा भरली आहे असे खुशाल समजावे.