गाडी ऑइल पितेय? इंजिन खोलण्याआधी आकडे मागा

दहा-बारा वर्षं जुनी गाडी सर्व्हिसिंगला दिली की अनेकांना एक वाक्य ऐकावं लागतं : "ऑइल खातेय, रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल." हे खरंही असू शकतं. पण नुसती डिपस्टिक बघून ते ठरत नाही. इंजिनचं पूर्ण काम काढलं तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जाऊ शकतो. त्यामुळे चाचणीचे आकडे हातात आल्याशिवाय होकार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जळतंय की गळतंय?

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर डाग दिसले तर दोष गॅस्केट किंवा ऑइल सीलचा असू शकतो. डाग नसतील तर मोजमाप करा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. १,००० किमीनंतर त्याच खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं, तो तुमचा आकडा. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० किमीला अर्धा लिटरपर्यंतचा वापर चालण्याजोगा मानला आहे. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा.

अमेरिकेत टोयोटाच्या २००७ ते २००९ च्या कॅमरीमधलं २.४ लिटर इंजिन ऑइल जाळत असल्याच्या तक्रारी आल्या. तिथेही कंपनीने पिस्टन-रिंग बदलण्याआधी सुमारे १,९०० किमी गाडी चालवून वापर मोजायची अट ठेवली होती.

धूर कधी येतो?

निळसर धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचं इंधन, दाट पांढरा आणि न थांबणारा म्हणजे बहुधा कूलंट. पण रंगापेक्षा वेळ जास्त सांगते.

• सकाळी स्टार्ट करताच निळा झोत येऊन थांबतो : व्हॉल्व्ह सील कडक झाले असावेत. रात्रभर ऑइल त्यातून ठिबकतं.

• खंडाळ्याचा घाट गिअरमध्ये उतरून खाली अॅक्सिलरेटर दाबताच झोत येतो : पेट्रोल गाडीत पुन्हा संशय व्हॉल्व्ह सील किंवा गाइडवर.

• चढावर, लोड असताना सतत धूर : रिंग किंवा सिलिंडरची झीज.

• टर्बो डिझेल : टर्बोचे सीलही तपासा.

धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे थोडा धूर लपतो.

स्वस्त संशयित आधी

क्रँककेसमधला वायू बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला किंवा उघडा अडकला, तरी ऑइल इनटेकमध्ये खेचलं जातं. हा छोटा, स्वस्त भाग आहे. तो आधी तपासा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. पेट्रोल इंजिनमध्ये कमी रीडिंगच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा ठळकपणे वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एक अडचण मात्र आहे. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात, ऑइल खरवडते ती खालची रिंग. ती कार्बनने चिकटली तर रीडिंग उत्तम येऊनही गाडी ऑइल पिते. म्हणून मोजमाप, धुराची वेळ आणि टेस्ट, तिन्ही एकत्र वाचावं लागतं. दोष व्हॉल्व्ह सीलचाच निघाला, तर बऱ्याच इंजिनांत ते हेड न उतरवताही बदलता येतात.

नुसतं ऑइल टाकत राहिलं तर?

वापर मर्यादेत आणि स्थिर असेल तर दर आठवड्याला डिपस्टिक बघून टॉप-अप करणं हा व्यवहार्य पर्याय आहे. पण डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. वापर वाढत असेल तर मात्र दुरुस्ती टाळू नका. जळणारं ऑइल स्पार्क प्लग आणि कन्व्हर्टर दोन्ही खराब करतं.

दोष फक्त मेकॅनिकचा नाही. पार्टचे पैसे आपण देतो, तपासणीचे द्यायला कुरकुरतो. मग तो अंदाजाने सांगतो. तपासणीचे पैसे खुशाल द्या आणि तीन गोष्टी कागदावर मागा : १,००० किमीचा वापर, प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग आणि पीसीव्ही तपासल्याची नोंद. त्यानंतरही इंजिन खोलायचं ठरलं, तर निदान कशासाठी खोलतोय हे तुम्हाला माहीत असेल.