सांडलेली राख

नागपूरजवळ कोराडी येथे विजेसाठी दगडी कोळसा जाळला जातो. पाण्यात कालवलेली त्याची राख खसाळ्याच्या विस्तीर्ण तलावात साठविलेली होती. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात त्या तलावाचा बांध फुटला आणि करडा गाळ शेतांतून, नाल्यांतून वाहत कन्हान नदीपर्यंत पोहोचला. नागपूर शहराच्या बऱ्याच भागाला याच कन्हानचे पाणी मिळते.

राखेला ना दर्प, ना ज्वाला. म्हणून तिचे सांडणे लोकांना अरिष्ट वाटत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल सांडले, तेव्हा मात्र साऱ्या देशात हळहळ झाली. वास्तविक तेल पाण्यावर तरंगते. पाणी शांत असेल तर तरते कुंपण घालून ते काही अंशी अडविता व उपसता येते. राख पाण्याबरोबर दूरवर जाते, तळाशी बसते, पिकांच्या मुळांवर थर धरते. आणि तिच्यात शिसे, आर्सेनिक यांसारख्या विषांचा अंशही असतो. नदीच्या तळातून ती वेचून काढील अशी चाळण कोठून आणावी?

तेव्हा राखेची खरी सफाई ती सांडण्यापूर्वीचीच होय. उन्हाळ्यात बांधाच्या भेगा बुजविणे, तलाव काठोकाठ भरू न देणे, ही कामे नीरस आहेत. ती करणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. बांध फुटल्यावर धावणाऱ्यांची मात्र वाहवा होते! याहून उत्तम म्हणजे राख साठूच न देणे. तिच्या विटा होतात, सिमेंटातही ती मिसळता येते. यास खर्च येईल, हे खरे. तो विजेच्या दरातच धरावा. खसाळ्याच्या शेतकऱ्याने तो आपल्या पिकाने का भरावा?