पाच तासांच्या पाळीचा हिशेब



महिन्याचा किराणा भरण्यासाठी आपण सवलतीच्या मोठ्या दुकानात जातो. छापील किमतीशेजारी दुकानाची कमी किंमत पाहत ट्रॉली भरतो आणि बिलाच्या रांगेत उभे राहतो. पंधरा मिनिटांत गुडघे कुरकुरू लागतात आणि नजर बसण्यासाठी जागा शोधू लागते. काउंटरच्या पलीकडची व्यक्ती मात्र दुपारपासून उभीच असते. कधी कधी तिचे केसही आपल्याइतकेच पांढरे असतात.

आज अशाच एका व्यक्तीविषयी, तिची परवानगी घेऊन आणि नाव न सांगता, लिहीत आहे. पिंपरी-चिंचवड परिसरात राहणाऱ्या या बाई ५८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू अजून नीट चालत नाही, बोलणेही तुटक आहे. निवृत्तिवेतन जेमतेम. मुलगा कारखान्यात पहिल्या पाळीला जातो आणि दुपारी घरी येतो. तो आला की बाई घराबाहेर पडतात आणि चार ते नऊ या वेळेत एका सवलतीच्या दुकानात काम करतात. त्या मिळकतीतून फिजिओथेरपिस्टची फी आणि डायपरचा खर्च भागतो.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही घोटे सुजलेले होते. लघवीला जळजळ होत होती. रक्तदाब १७०/१००. मी लघवीच्या तपासणीची चिठ्ठी दिली, जंतुसंसर्गावर औषध लिहिले आणि खाली ठळक अक्षरांत ‘विश्रांती’ असे लिहिले. त्याच रात्री मुलाचा फोन आला. “डॉक्टर, तिला नोकरी सोडायला तुम्हीच सांगा. मी कमावता असताना आई काउंटरवर उभी राहते, हे बरं दिसत नाही. तुमचं ती ऐकेल.” मीही “सांगतो” असे म्हणून टाकले.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. जळजळ थांबली होती, पण सूज तशीच आणि रक्तदाबही तसाच. मी नोकरीचा विषय काढला. त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, विश्रांती लिहिलीत, पण ती कुठल्या दुकानात मिळते तेही लिहायचं होतं.”

तीस वर्षांच्या व्यवसायात असे उत्तर मला क्वचितच मिळाले असेल. मी पेन खाली ठेवले आणि म्हणालो, “ताई, तुमची संध्याकाळ मला सुरुवातीपासून सांगा.”

त्या सांगू लागल्या. पहिला तासभर माल लावायचा. गोडाऊनमधून आलेली खोकी फोडायची, जुन्या तारखेचा माल पुढे, नव्या तारखेचा मागे. पाच-पाच किलोच्या आट्याच्या पिशव्या खालच्या फळीवर, म्हणजे सतत वाकणे आले. सहा वाजता गर्दी वाढली की बिलिंगवर. महिन्याचा पहिला आठवडा, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि दिवाळीपूर्वीचे दिवस असले की रांग हटत नाही. लघवीला जायचे तर काउंटर बंद करावा लागतो, सुपरवायझरला हाक मारावी लागते आणि रांगेतली माणसे नाराज होतात. नऊला पाळी संपते, पण गल्ला जुळेपर्यंत निघता येत नाही.

“मग तुम्ही काय करता?”

“तीननंतर पाणीच पीत नाही. आणि ती दुपारची गोळी घेतली की सारखं जावं लागतं, म्हणून कामाच्या दिवशी ती घेत नाही.”

माझी चूक तेथे मला दिसली. रक्तदाबासाठी त्यांना दिलेल्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी होती. ती त्या दुपारच्या जेवणानंतर घेत होत्या आणि आठवड्यातले सहा दिवस टाळत होत्या. गोळी चुकल्यामुळे रक्तदाब उतरत नव्हता, आणि पाणी तोडून लघवी रोखून धरल्यामुळे जंतुसंसर्गाला वाव मिळत होता. मी मात्र औषध लागू पडत नाही असे समजून त्याची मात्रा वाढवण्याच्या विचारात होतो. त्या काय काम करतात हे मला ठाऊक होते. ते कसे करतात हे मी विचारले नव्हते.

मग मी विचारले, “नोकरी सोडावी असं तुम्हाला वाटतं का?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “घरी दिवसभर औषध, कूस बदलणं, कपडे बदलणं. त्यांच्यासाठी करते, त्याचं काही नाही. पण तिथे एखादी मुलगी विचारते, मावशी, इडलीचा रवा कुठला चांगला? ते पाच तास मी कुणाचं दुखणं सांभाळत नसते. पाय दुखतात, पण रात्री झोप लागते.”

त्यानंतर नोकरी सोडण्याचा सल्ला मी दिला नाही. नोकरी अंगाला कमी कशी लागेल, याचा विचार आम्ही दोघांनी केला. ती गोळी सकाळी सात वाजता घ्यायची, म्हणजे तिचा जोर दुपारपर्यंत ओसरतो. पाणी सकाळपासून थोडे थोडे, आणि पाळीतही घोट घोट. माल लावून झाला की काउंटरवर बसण्यापूर्वी, खरे तर उभे राहण्यापूर्वी, लघवीला जाऊन यायचे. सुपरवायझरशी त्या स्वतः बोलल्या. स्टूल मिळाले नाही, पण पालथा घातलेला एक क्रेट मिळाला. त्यावर आलटून पालटून एकेक पाय ठेवता येतो आणि कंबरेला आराम पडतो. महिन्याभराने रक्तदाब १३८/८४ होता. सूज कमी झाली, पूर्ण गेली नाही.

आपल्यापैकी कुणी असे उभ्याचे काम करत असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. एका जागी उभे राहिले की हा पंप मंदावतो, रक्त पायांत साचते आणि घोटे सुजतात. म्हणून ग्राहक नसताना टाचा वीस वेळा वर-खाली कराव्यात, दोन पावले चालावे. घरी आल्यावर पंधरा-वीस मिनिटे पाय उशीवर, छातीपेक्षा थोडे उंच ठेवावेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात आणि खरे माप कळते. पिशवी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे आणि ओझे अंगाजवळ धरावे. घट्ट मोजे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. मधुमेहींच्या पायांचा रक्तपुरवठा आधी तपासावा लागतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाळीमुळे जेवण लांबू देऊ नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. खिशात साखरेची पुडी असावी. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे आले, किंवा सुजेबरोबर धाप लागली, तर पाळी संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. दोन्ही पायांची सूज रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या औषधानेही येते, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

बसण्याची सोय मागणे म्हणजे लाड नव्हे. कारखान्यांत उभे राहून काम करणाऱ्यांना, संधी मिळेल तेव्हा टेकता यावे यासाठी, बसण्याची व्यवस्था असावी असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते. दुकानांपर्यंत हा विचार पोहोचण्यास फार काळ लागला. केरळातील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रिया आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी झगडल्या. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने आपल्या दुकानविषयक कायद्यांत बसण्याच्या सोयीची तरतूद केली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली, पण चार ते नऊची अर्धवेळ पाळी नेमकी पाच तासांतच संपते.

घरच्यांना एक विनंती. आई-वडील असे काम करत असतील तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांना विचारा : पाणी पिता का, गोळी केव्हा घेता, परत येताना रस्ता कसा ओलांडता? या बाईंच्या मुलाला मी हेच सांगितले. पटायला वेळ लागला. आता रात्री साडेनऊला तो वडिलांना शेजाऱ्यांच्या सोबतीला ठेवून आईला गाडीवर आणायला जातो. नोकरी त्याला अजूनही आवडत नाही, तसे तो म्हणतोही.

आणि ग्राहक म्हणून आपणही थोडे करू शकतो. तांदळाची जड पिशवी ट्रॉलीतच बारकोड वर येईल अशी ठेवली, तर बऱ्याच काउंटरांवर ती उचलावी लागत नाही. सुट्टे पैसे हाती तयार ठेवावेत. काउंटरवरची बाई दोन मिनिटांसाठी उठून गेली, तर कुरकुर न करता थांबावे.

पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांच्या यादीबरोबर आपला दिवसही सांगा : किती तास उभे असता, केव्हा जेवता, कोणती गोळी कशामुळे टाळता. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नका. आम्ही विचारायला विसरलो, तर तुम्ही आठवण करून द्या.