‘आधी सोपं ऐक’ हा सल्ला बंद करा

‘जॅझ-फ्यूजन ऐकायचंय, कुठून सुरू करू?’ असं कुणी विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक मास्तरांचं. आधी माइल्स डेव्हिसचा १९५९चा ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐक, मग ‘बिचेस ब्रू’, मग त्यातून कोणकोण बाहेर पडलं ते बघ, तोवर तुला काही कळणार नाही. दुसरं उत्तर मायाळू मावशीचं. एकदम जड जाईल रे तुला, आधी हलकं काहीतरी घे, बासरी, हळू पियानो, कॉफीच्या दुकानात लावतात तसलं.

मास्तर विचारणाऱ्याला परीक्षेला बसवतात आणि मावशी त्याला पेज भरवते. दोघांनीही धरून चाललेलं असतं की समोरच्याचा कान कोरा आहे. माझं भांडण या गृहीतकाशी आहे. त्यापायी गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतली निदान पाच-सहा पोरं या संगीताच्या उंबऱ्यावरून परत गेलेली मी पाहिली आहेत.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून आधी यंत्राची बाजू सांगतो. शिफारस करणाऱ्या यंत्रणेत ‘कोल्ड स्टार्ट’ नावाची एक जुनी अडचण आहे. नवा माणूस आला की यंत्रणेकडे त्याच्याबद्दल काहीही माहिती नसते. मग ती त्याला बहुतेकांना चाललेलं आणि कुणालाच न खुपणारं काहीतरी देते. त्यात पैशाचं गणित मिसळतं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो. दोन मिनिटांचा पावसाळी पियानो आणि अठरा मिनिटांचं ‘जॉय’ यांची मोजणी सारखीच. अशा ठिकाणी अठरा मिनिटांची रचना आपणहून वर तरंगत येणार नाही. म्हणून ‘जॅझ’ शोधलं की अभ्यासासाठी जॅझ, झोपेसाठी जॅझ, पावसासाठी जॅझ अशा याद्या समोर येतात. लक्ष न देता ऐकायचं संगीत.

यंत्राला माफ करू, त्याला तुम्ही माहीत नाही. पण माणूस तर साधा प्रश्न विचारू शकतो ना: तू लहानपणापासून काय ऐकत आलास? तोही हा प्रश्न विचारत नाही, याचा मला राग येतो.

माझा मावसभाऊ जव्हारला आयटीआय करतो. घरी रेंज धड येत नाही, म्हणून संध्याकाळी शिरपामाळावर जाऊन बसतो. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला ती ही जागा. सुट्टीच्या दिवशी सहलीवाल्यांचे स्पीकर, एरवी वारा. मागच्या वर्षी त्यानं मला ‘गिटारचं काहीतरी वेगळं’ मागितलं. मी विचारलं, गावात काय ऐकतोस? तो म्हणाला, लग्नात बेंजो आणि डीजे, गणपतीत ढोल, आणि भात कापून झालं की तारपा. हे कळल्यावर त्याला पियानो-पाऊस कशाला द्यायचा? मी थेट महाविष्णू ऑर्केस्ट्राचा १९७१चा ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ पाठवला. चौथ्या दिवशी ‘डान्स ऑफ माया’बद्दल मेसेज आला: ‘दादा, हा ड्रमवाला चुकतोय का मी?’ आणि दुसऱ्या दिवशी नुसतंच: ‘दहा आहेत.’

त्या रचनेचा मुख्य तुकडा दहा मात्रांवर फिरतो, हे बरोबर आहे. झपतालाच्याही दहाच मात्रा, पण तिथले खंड २-३-२-३ असे पडतात आणि इथले वेगळे, त्यामुळे ‘हा तर आपला झपताल’ म्हणून छाती फुगवायला जागा नाही. भावाला झपताल माहीतही नाही. त्याला माहीत आहे ती एक सवय. तारपा वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरत राहतात. वाजवणाऱ्यानं चाल बदलली की पावलं बदलायची. कुणी ओरडून सांगत नाही, कानाला कळावं लागतं. तासन्‌तास एकच चक्र ऐकत त्यातला बदल पकडणं हे शिक्षण ज्याला घरबसल्या मिळालं, त्याला तुम्ही नवखा म्हणता? वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारख्या माणसाचं वादन लहानपणी कानावर पडलेल्या पोराला ‘एकदम जड जाईल रे’ म्हणणं हा मला सरळ अपमान वाटतो.

याच अपमानाचा दुसरा अवतार म्हणजे ‘ट्रायबल फ्यूजन’. तारप्याचा दहा सेकंदांचा तुकडा कापायचा, त्याखाली कॉम्प्युटरचा ठोका लावायचा, रीलमध्ये वारली चित्रं फिरवायची. इथे तारपा अत्तरासारखा शिंपडलेला असतो. त्याचं चाल बदलणं, त्याचा न तुटणारा श्वास, म्हणजे जे काही संगीत म्हणून त्यात आहे, ते कापताना गळून गेलेलं असतं. दिवाळी पहाटेचं ‘अभंग फ्यूजन’ जरा सभ्य, पण जात तीच. एक ओळ गायकाची, एक गिटारची, मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघून हसायचं, तिहाई, टाळ्या. दोघं शेजारी बसले म्हणजे एका ताटात जेवले असं होत नाही.

जॉन मॅक्लॉफलिननं काय केलं ते बघा. ‘शक्ती’साठी त्यानं खास गिटार बनवून घेतली. तिच्या पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे वीणेसारखी मींड घेता यावी. आणि छिद्रावरून तिरक्या जाणाऱ्या सात जादा तारा, झंकारासाठी. वीणा शिकला, कोन्नक्कोल शिकला. वाद्य मोडून नव्यानं बांधायची तयारी असेल तर तो शब्द वापरावा, एरवी ‘ऑर्केस्ट्रा’ हा आपला जुना शब्द चांगला आहे.

आता मुद्द्याचं. जॅझमध्येही मी प्रोग्रेसिव्ह रॉकची चव असलेलंच का पुढे करतो? प्रोग रॉक म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनमध्ये वर आलेलं, लांब रचनांचं, आडव्या-तिडव्या मोजणीचं रॉक: येस, किंग क्रिमसन, जेनेसिस. त्या रचना बांधलेल्या असतात. दोन वाद्यं एकच अवघड ओळ एकत्र वाजवतात, मग सुटतात, मग ती ओळ परत येते. शुद्ध जॅझमध्ये नवा श्रोता हरवतो तो इथेच, कारण मूळ धून एकदा वाजून गेली की पुढची सात मिनिटं कशाला धरायचं ते त्याला सापडत नाही. प्रोगच्या अंगानं गेलेल्या फ्यूजनमध्ये धरायला दांडी असते. कितीही भटकू द्या, सम येते. आपल्याकडे तबला न शिकलेला माणूसही समेवर मान हलवतो, त्याला एवढी दांडी पुरते. म्हणून ज्याला लोक अवघड म्हणतात तेच आपल्या कानाला अधिक सोपं जातं, आणि ‘सोपा’ म्हणून दिलेला गुळगुळीत जॅझ हातातून निसटतो. निसटला की पोरगं म्हणतं, जॅझ बोअर आहे. त्याचं चूक नाही, त्याला दिलेलं बोअरच होतं.

तेव्हा पहिला अल्बम म्हणून माझं मत १९७३च्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ला. शीर्षक-रचना अठरा मात्रांची. व्हायोलिन आणि गिटार एका ओळीवर चढत जातात आणि खाली बिली कॉभमचे ड्रम धडधडतात. हा अमेरिकेच्या विक्रीयादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेला होता, म्हणजे तेव्हाही तो मूठभर जाणकारांसाठी नव्हता. मोजायचं असेल तर गिटारचा नाद सोडा, रिक लेअर्डचा बेस धरा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर बाहेर पडतच नाहीत, आणि ज्यावर अख्खी मोजणी उभी आहे तेच गायब होतं. दोनशे रुपयांचे वायरवाले इअरफोन चालतील. आणि रेंज असेल तिथे आधीच उतरवून घ्या. जव्हार-मोखाडा एसटीत तेराव्या मात्रेवर बफरिंग सुरू झालं तर सम कुणाच्या नावानं शोधायची?

दुसरा ‘शक्ती’. पहिला अल्बम ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झाला. ड्रम नाहीत, बेस नाही, वीजही जवळजवळ नाही, तरी ‘जॉय’चा वेग कुठल्याही रॉक बँडला घाम फोडेल. ‘शक्ती’ला ‘दिस मोमेंट’साठी २०२४ साली ग्रॅमी मिळाली तेव्हा अभिमानाच्या पोस्टींचा पूर आला, त्यात एकानंही कुठली रचना ऐकावी ते लिहिलेलं मला दिसलं नाही. त्याच डिसेंबरात झाकिरभाई गेले आणि स्टेटसवर चहाची जाहिरात फिरली. इतक्या मोठ्या माणसाला आपण चहाच्या कपात निरोप दिला.

तिसरा अल्बम घरचा आहे आणि घरातच कुणाला ठाऊक नाही. त्रिलोक गुर्टू, झाकिर हुसेन यांच्यासारखेच १९५१ साली मुंबईत जन्मलेले. १९८८च्या त्यांच्या ‘उस्फ्रेट’वर गाणारा आवाज आहे त्यांच्या आईचा, शोभा गुर्टूंचा. बेळगावात जन्मलेली, ठुमरीची सम्राज्ञी म्हणून आपण जिचे फोटो लावतो ती बाई साठीच्या उंबरठ्यापलीकडे मुलाच्या तालवाद्यांच्या जंगलात उभी राहून गाते, आणि आवाज कुठेही पाहुणा वाटत नाही. १९९३च्या ‘क्रेझी सेंट्स’वर त्या पुन्हा आहेत, सोबत जो झाविनुल आणि पॅट मेथेनी. आपल्या संगीतावरच्या लेखांत ठुमरीच्या पुढे हे प्रकरण सरकत नाही. शास्त्रीयवाल्यांना ते बाटलेलं वाटतं, रॉकवाल्यांना आईचं गाणं वाटतं.

बाकीचे भराभर. रिटर्न टू फॉरएव्हरचा ‘रोमँटिक वॉरियर’ (१९७६), थोडा नाटकी, पण स्टॅन्ली क्लार्कच्या बेससाठी माफ. येस आणि किंग क्रिमसनमधून आलेल्या बिल ब्रूफर्डचा ‘वन ऑफ अ काइंड’ (१९७९), ॲलन होल्ड्सवर्थच्या गिटारसह. जेनेसिसचा फिल कॉलिन्स ज्यात ड्रम वाजवतो तो ब्रँड एक्सचा ‘अनऑर्थोडॉक्स बिहेवियर’ (१९७६). व्हायोलिन आवडलं असेल तर जाँ-लुक पाँतीचा ‘एनिग्मॅटिक ओशन’ (१९७७). कुठल्याही क्रमानं.

मास्तर म्हणतील, मुळं न बघता फांद्यांवर चढवतोस. चढू द्या की. मॅक्लॉफलिन ‘बिचेस ब्रू’वर वाजवतो, त्यातल्या एका रचनेचं नावच ‘जॉन मॅक्लॉफलिन’ आहे. त्याच्या मागे जाणारं पोरगं आपल्या पायांनी माइल्सपर्यंत पोचतं, आणि तोवर सत्तावीस मिनिटांच्या शीर्षक-रचनेत काय ऐकायचं ते त्याला कळलेलं असतं. पहिल्याच दिवशी ती त्याच्या अंगावर टाकणं म्हणजे पोहायला शिकवताना समुद्राचा इतिहास सांगणं.

मावशीचा आक्षेप जास्त गंभीर आहे: असं देऊन तू लोकांना पळवून लावशील. काही पळतील, हो. पण ‘बर्ड्स ऑफ फायर’ ऐकून पळालेल्याला आपण कशापासून पळालो ते माहीत असतं, आणि दहा वर्षांनी तो परत येऊ शकतो. कॉफीच्या दुकानातलं ऐकून कंटाळलेला कशाकडे परत येणार?

भावाच्या फोनवर आता ‘वन वर्ड’ चालू आहे. शेवटाकडे तो १३ मात्रांत धावतो, हे मी त्याला सांगितलेलं नाही.