विश्लेषण : एसी २४ वर ठेवून बिल घटेल, पण बंद खोलीतल्या हवेचे काय?

घरातील एसी २० अंशांखाली जाऊ न देण्याचा नियम आणण्याचा विचार असल्याचे केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये सांगितले होते. त्याआधी १ जानेवारी २०२० पासून, स्टार लेबल असलेला एसी सुरू होताच २४ अंशांवर यावा, असे बंधन आले. चर्चा होते ती विजेच्या बचतीची. त्यासाठी बंद केलेल्या खिडक्यांआड काय घडते, हा प्रश्न मागेच राहतो.

बचत किती?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. सोबत पंखा लावला तर २६ अंशांवरही अनेकांचे भागते. साधा पंखा पूर्ण वेगात ७०-७५ वॉट वीज घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉट. रोज आठ तास वापरल्यास महिन्याला दहाएक युनिट वाचतात.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतो का?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त रेफ्रिजरंट वाहते. आतले युनिट खोलीतलीच हवा ओढून गार करते आणि परत सोडते.

दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये साधारण ३२ हजार लिटर हवा मावते. झोपलेली दोन माणसे तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण बंद धरली, तर दर तासाला ६०० पीपीएमची भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० पीपीएमच्या आसपास असते. दाराखालच्या फटीमुळे प्रत्यक्षातली वाढ कमी असते. पण वीज वाचवायला फटी जितक्या नीट बुजवाल, तितकी खोली लवकर कोंदते.

मग जास्त धोका कशाचा?

धुराचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डासांच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते. एसीच्या बंद खोलीत कॉइल लावणे म्हणूनच सर्वांत वाईट. स्वयंपाकघरातही तसेच. फोडणीच्या धुरासोबत गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. धुराडे बाहेर न काढलेली चिमणी तेलकटपणा अडवते, वायू मात्र घरातच फिरवते. एअर प्युरिफायर कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही.

काय करता येईल?

झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. पहाटे एसी आपोआप बंद होईल असा टायमर लावून जाळीची खिडकी उघडली, तर बिल आणि हवा दोन्ही साधतात. अर्थात, रहदारीच्या रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी राहणाऱ्यांना खिडकी कधी उघडायची याचा विचार करावा लागतो. स्वयंपाक संपल्यावरही एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ चालू ठेवावा. त्याला लागणारी वीज नगण्य आहे.

घर घेताना काय पाहावे?

बीईईच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’नुसार उष्ण-दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या घरात सुमारे ८३ चौरस फूट. संहिता राज्यांनी लागू केल्याशिवाय बंधनकारक होत नाही. पण सॅम्पल फ्लॅट पाहताना हे गणित जरूर करावे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी दिसली, तरी उघडते निम्मीच.